रडणं ऐकू येईल एवढीच ओळ

ता. १२, गुरुवार, दुपार

ती. ताईस बारकीचा नमस्कार.

कशी आहेस? भावजींचा गुडघा कसा आहे, जिना चढता येतो का आता? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांची शिफ्ट सकाळचीच चालू आहे. सासूबाई ठणठणीत आहेत. चिमीला परवा पाच महिने झाले. पालथी पडते, मग सरळ होता येत नाही म्हणून चिडते, आणि चिडली की हाताच्या मुठी करते. कोणावर गेली आहे ते मी लिहीत नाही.

कागदाला हसू नकोस. ही आमच्या कारखान्यातली लेबलं आहेत, छपाईत बिघडलेली. पाठीमागची बाजू कोरी असते. उलटलंस तर पाठीवर पाटी घेतलेली हसरी बाई दिसेल, तिला दोन नाकं आली आहेत. आणि अक्षराला पण हसू नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे, पुढे कुठे जाणार ते.

फोन दोनदा केला होता. तू कामात असशील.

तर सांगायचं म्हणजे, रविवारी आम्ही सहलीला गेलो. कारखान्याची सहल. मी अजून बाळंतपणाच्या रजेवर आहे, पण सुपरवायझरबाई म्हणाल्या, हजेरीपटावर नाव आहे ना, मग यायचंच, आणि बाळ दाखवायला आण. काटेवाली मावशी पण मागे लागली. काटेवाली म्हणजे आमच्या खोलीत वजनकाट्यावर बसते ती. ती वजन करून पाकीट देते आणि मी तोंड बंद करते, चार वर्षं आम्ही तशा शेजारी शेजारी बसलो. तोंड बंद करणारी पोरगी असून बोलतेस किती, असं म्हणायची मला. हल्ली म्हणत नाही.

डोंगरावरचा चहाचा मळा बघायला नेलं. आमच्या पाकिटातला चहा तिथूनच येतो. दीडशे वर्षांचा जुना मळा आहे, लोक लांबून लांबून बघायला येतात. ताई, चार वर्षं मी त्या चहाची पाकिटं बंद केली, पण झाड बघितलं नव्हतं. मला वाटायचं वेल असेल.

बस वर चढताना निम्म्या बायका ओकल्या. काटेवाली म्हणाली, वर जाऊन चहा पिण्याआधीच पोटातला खाली आला. वर मात्र बरं होतं. थंडी, पण ऊन. सगळा डोंगर कंगव्याने भांग पाडल्यासारखा, ओळीच ओळी. झाडं फक्त कमरेएवढी. तिथे माहिती सांगायला एक बाई होती, तिने सांगितलं की ही खरं तर मोठी झाडं आहेत. सोडून दिली तर दोन माणसांच्या उंचीची होतील. दीडशे वर्षं सतत छाटून छाटून त्यांना एवढंसं ठेवलंय. सगळे वा वा म्हणाले. मला मात्र ते ऐकून कसंतरीच झालं, का ते सांगता येत नाही.

मग जुना कारखाना बघितला. वरच्या माळ्यावर पानं जाळीवर पसरून ठेवतात. पहिल्यांदा त्यांना मलूल होऊ देतात, म्हणजे नंतर पिळली तरी तुटत नाहीत. वास छान होता. चिमी सारखी रडत होती म्हणून मी बाहेरच थांबले बराच वेळ.

ओळींपाशी नेलं तेव्हा एक मजेची गोष्ट सांगितली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चपटा दगड आहे, मधे जरा खोलगट. पूर्वी पानं तोडायला येणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं टोपलीत घालून त्या दगडावर ठेवायच्या. आणि ओळ केवढी ठेवायची? तर बाळाचं रडणं ऐकू येईल एवढीच. जिथे ऐकू येईनासं होतं तिथे खुंटी ठोकलेली. खुंटीपाशी आलं की बाईने वळायचं आणि तोडत तोडत परत बाळापाशी यायचं. सगळा मळा असा मापलेला आहे.

काटेवाली लगेच म्हणाली, “आणि माप घेताना पोर रडवलं कोणी?”

“मुकादमाने रडवलं असेल, चिमटा काढून,” ती माहितीवाली म्हणाली.

“मग मुकादमाची बायको कशी ऐकत राहिली?”

सगळ्या हसल्या. मी पण हसले.

दगडापाशी एक म्हातारी बाई बसवलेली असायची, पोरांवर लक्ष ठेवायला. हे पण सांगितलं.

नंतर डबे खाल्ले. अर्धा तास मोकळा दिला. आणि मग गंमत झाली ती म्हणजे मी चिमीला तिथेच विसरून आले. खरंच. बस सुटल्यावर कळलं. परत गेलो आणि आणली. आता कारखान्यात सगळ्यांना तेवढाच विषय झालाय. लोक छत्री विसरतात, ही पोर विसरली. ह्यांनी पण सगळ्या मित्रांना सांगितलं. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात डोकं ठिकाणावर नसतंच, त्या स्वतः एकदा पेटत्या शेगडीवर रिकामं भांडं ठेवून शेजारी गेल्या होत्या.

तशी सहल चांगली झाली. चिमी उठली. थांबते.


शुक्रवार, दुपार

ताई, वर काल लिहिलंय ते परत वाचलं. खोडणार होते. पण कागद तेवढेच आहेत, आणि खोडलं तर तू विचारशील काय खोडलं. तर राहू दे ते. ते खोटं आहे एवढं लक्षात ठेव.

मी विसरले नव्हते.

आता खरं लिहिते. मधे थांबले तर परत लिहायची नाही, म्हणून एका दमात लिहिते. चिमी झोपली आहे, सासूबाई बॅग भरतायत.

तुला एक सांगायचं राहिलं. चिमी रडते. सगळी पोरं रडतात हे मला माहीत आहे, तशी नाही. सकाळी सुरू होते ते संध्याकाळपर्यंत. पोट बघितलं, कान बघितले, डॉक्टर म्हणाले तब्येत उत्तम आहे, वजन उत्तम आहे, आई तुम्ही जरा शांत राहा. मी शांतच आहे. माझ्याकडे शांत राहण्याखेरीज काही उरलेलं नाही. आरशात बघितलं तर ओळखीची कोणी दूरची बाई उभी आहे असं वाटतं. जेवते, पण चव कळत नाही. ती हसते तेव्हा मला कळतं की आता आपण हसायचं असतं, आणि मी हसते.

त्या दिवशी डबे खाऊन झाल्यावर मी तिला घेऊन त्या ओळींकडे गेले. सगळ्यांच्या मधे ती रडायला लागली की सगळ्या एकदम सल्ला देतात, तो ऐकायचा नव्हता. एका दगडावर शाल घातली आणि तिला ठेवली. हात भरून आले होते, एवढंच. खरंच एवढंच होतं तेव्हा. दगडाचा खळगा तिच्या पाठीला बरोबर बसला.

मग म्हटलं बघू तरी, खरंच खुंटीपर्यंत ऐकू येतं का.

चालत गेले. दोन्ही बाजूंना झाडं कमरेला लागत होती. ती रडत होती. निम्म्यात गेले, ऐकू येत होतं. खुंटीपाशी गेले. लोखंडाची आहे, गंजलेली, वरून माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. तिथेही ऐकू येत होतं, अगदी बारीक, शेजारच्या घरातल्या पोरासारखं. माप बरोबर होतं त्यांचं.

तिथे वळायचं होतं, ताई.

मी आणखी पुढे गेले. पुढे पाण्याच्या मोटरीची खोली आहे. तिच्या मागे गेले आणि ऐकू यायचं थांबलं.

पाच महिन्यांत पहिल्यांदा. वारा होता. माझा स्वतःचा श्वास ऐकू आला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं की काय लिहू. लाज वाटली पाहिजे होती, ती पण वाटली नाही. मग खालून बसचा हॉर्न वाजला. तिथून दोन वाटा होत्या. एक ओळीतून परत, एक सरळ बसकडे.

पाय गेले असं लिहिणार होते. पण पाय माझेच होते.

बसमध्ये बसले. सुपरवायझरबाईंनी डोकी मोजली, एकतीस, म्हणाल्या बरोबर, चला. मांडीवरची पोरं मोजत नाहीत, त्यांना सीट नसते. काटेवालीने विचारलं, “चिमी कुठाय गं?” मी म्हटलं, “पुढे आहे, सुपरवायझरबाईंनी घेतलीये.” एवढं सहज म्हटलं, ताई. तोंड बंद करायचं काम मी चार वर्षं केलंय, तसं.

बस सुटली. मी खिडकीतून बघत बसले. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. चौथ्या वळणावर माझं दूध सुटलं. तिच्या वेळेला सुटलं. समोरचे सगळे कपडे भिजले. मी बघत बसले त्याच्याकडे, दुसऱ्या कोणाचं काही सांडलंय तसं.

काटेवालीने बघितलं. उठली, पुढे सगळ्या सीटा बघून आली, आणि माझ्यासमोर वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. मग एकदम ओरडली, “अहो गाडी थांबवा! पोर मागं राहिली!”

मग काय, सगळा गोंधळ. रस्ता अरुंद, बस वळेना. खाली मोठ्या वळणापर्यंत जाऊन मग वर आलो. ड्रायव्हर म्हणत होता, बाई, पोर आहे का पिशवी. जाऊन येऊन चाळीस मिनिटं झाली. मी बसच्या घड्याळाकडे बघत होते. चाळीस मिनिटं मी देवाकडे काय मागत होते ते मात्र तुला सांगणार नाही, कारण एकच गोष्ट मागत नव्हते. एकदा हे, एकदा ते.

चिमी एका म्हातारीच्या मांडीवर होती. तिथे झाडलोट करणारी बाई, पूर्वी पानं तोडायला होती. ऊन सरकून दगडावर आलं होतं, चिमीचा एक गाल लाल झाला होता. म्हातारीने ओला फडका तिच्या तोंडात दिला होता आणि ती तो चोखत होती. रडत नव्हती. सुपरवायझरबाई विचारायला लागल्या, पोर कधीपासून इथे आहे, कोणी ठेवली. म्हातारी म्हणाली, “मीच मागून घेतली हो. म्हटलं आईला जरा फिरून येऊ दे. आणि बोलता बोलता मीच लांब गेले. चूक माझी.”

म्हणून सगळे हसले. म्हणून ती गंमत झाली.

बाकीच्या बसकडे निघाल्या तशी ती मला हळूच म्हणाली, “मी वरच्या ओळीत झाडत होते. तुला जाताना बघितलं. पळायला गुडघे नाहीत माझे.”

तिने चिमी माझ्या हातात दिली आणि पुढे म्हणाली,

“आणि ती बाई काय सांगते लोकांना, म्हातारी पोरांवर लक्ष ठेवायला बसवायचे म्हणून. पोरं कुठे जातायत टोपलीतनं? माझी सासू बसायची इथे. पोरांकडे पाठ करून बसायची. ओळीकडे तोंड. कोणती बाई खुंटीपाशी वळली नाही ते बघायला. वळली नाही की हिने उठायचं, जायचं आणि तिच्या शेजारी उभं राहायचं. बोलायचं काही नाही. दर वर्षी एखादी असायचीच.”

मग विचारलं, “घरी कोण आहे तुझ्या?”

म्हटलं, सासू आहे. रविवारपर्यंत.

“मग?”

मग कोणी नाही. नणंदेचे दिवस भरत आलेत, सासूबाई तिच्याकडे चालल्या आहेत, दोन महिन्यांसाठी. हे पहाटे जातात ते अंधार पडल्यावर येतात. म्हातारी म्हणाली, “कोणाला तरी बोलाव. कोणीतरी असेलच की तुझं.”

आहे. होती. तू.

दवाखान्यात तू चिमीला उचलून घेतलंस आणि म्हणालीस, बारके, देऊन टाक मला, तुला कुठे झेपणार आहे. तू हसत म्हणाली होतीस, मला माहीत आहे. आणि मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल. स्वतःला होत नाही म्हणून दुसऱ्याच्या पाळण्यात हात घालू नकोस. तू चिमीला खाली ठेवलंस, शाल नीट केलीस आणि गेलीस. ती शाल तू आणलेली होतीस. त्याच शालीवर मी तिला दगडावर ठेवली.

ताई, ज्या बाईने मला वेणी घालायला शिकवलं तिला मी असं बोलले. आता कोणत्या तोंडाने बोलवू.

ह्यांना सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, अहो, मी विसरले नव्हते. तर म्हणाले, हो हो, बसच विसरली होती, आणि हसत कूस बदलली. ते वाईट नाहीत. दमलेले असतात. डोकं चालत नाही त्यांचं इतक्या लांब.

सासूबाई बोलावतायत.


शनिवार, सकाळ

काटेवालीचा नवरा कारखान्याची गाडी चालवतो. आज तो माल घेऊन तुमच्या गावाकडे निघालाय, त्याच्याच हातात हे देते. तो तुझं घर शोधेल, मी खूण सांगितली आहे, निळं दार आणि पायरीवर भावजींची काठी.

काल लिहायचं धाडस झालं नाही ते आज लिहिते, घाईत.

घरात मी माप घेतलंय. पाळण्यापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं, तिथे सगळं ऐकू येतं. मागच्या दारी कपडे धुते तिथे कमी येतं. आणि नळ पूर्ण सोडला तर अजिबात येत नाही. मंगळवारी मी नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी मी तशीच बसले. सासूबाई आतून ओरडत आल्या, अगं बहिरी झालीस का, पोर निळी पडायची वेळ आली. बुधवारी पण सोडला. त्या आल्या.

सोमवारी ओरडत कोण येणार?

मी तिला काही करणार नाही, असं मला लिहायचं होतं. लिहिता येत नाही. मला माहीत नाही. मला माझीच भीती वाटते, ताई. तिचे केस किती मऊ आहेत. ती माझं बोट धरते तेव्हा मला वाटतं, चुकीच्या बाईचं धरलंय हिने.

गाडी उद्या रविवारी तिन्हीसांजेला परत येते. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी असते. मी त्याला सांगून ठेवलंय, माझी बहीण येईल कदाचित. तो म्हणाला, कदाचित म्हणजे? मी म्हटलं, कदाचितच.

तू चिमीसाठी येऊ नकोस. तिला घेऊन जायला पण येऊ नकोस, तू हसत मागितलीस तेव्हा मी नको ते बोलून बसले आहे, आता देऊन टाकते म्हटलं तर तो तुझा आणखी अपमान होईल. माझ्यासाठी ये. काम करू नकोस, स्वयंपाक करू नकोस, माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मागच्या दाराशी स्टूल ठेवलंय. तिथे पाळण्याकडे पाठ करून बस आणि माझ्याकडे बघत राहा. नळ जास्त सोडला की उठून ये. एवढंच.

आली नाहीस तर मी समजेन. राग धरायचा हक्क तुझाच आहे.

दार वाजवू नकोस, ती उठेल. नुसतं ढकल. परवापासून मी कडी लावायची सोडली आहे. हे रागावतात, पण मी सांगते, विसरले.

गाडीवाला हाक मारतोय.

तुझी,
खुंटीपाशी उभी असलेली
बारकी